कर्नाटक पासिंगची व्हॅन

"बाकी सगळं आहे. एनओसी कुठाय?" खिडकीतल्या कारकुनाने फाइल उलटीपालटी करून माझ्यापुढे सरकवली.

मी मगदूमकडे पाहिलं. मगदूमने फाइलकडे पाहिलं. थुंकी लावून एकेक कागद त्याने स्वतः पुन्हा पलटला. विक्रीचा फॉर्म होता, विमा होता, मूळ बिल होतं, टॅक्सचा डिमांड ड्राफ्टही टाचणी लावून होता. फक्त बेळगावच्या कचेरीने दिलेला ना हरकत दाखला नव्हता, आणि त्याच्याशिवाय त्या व्हॅनचा महाराष्ट्राचा टॅक्स कोणी भरून घेणार नव्हतं.

"मी ताईंच्या हातात दिली होती," मगदूम म्हणाला.

"फाइल मी ताईंकडून जशीच्या तशी आणली."

"मग मी काय कागद खाल्ला काय, मास्तर?"

"ते मी कसं सांगू?" मी म्हणालो.

सांगलीच्या आरटीओ कचेरीतलं ते सकाळी अकराचं ऊन मला अजून आठवतं. त्या क्षणी माझ्या मनात जे शिरलं ते पुढे दहा दिवस निघालं नाही.

मी अनंत गुरव. मिरजेत पेट्या दुरुस्त करण्याचं माझं छोटं दुकान आहे, आणि तेहतीस वर्षं मी द्वारकाताई आठल्ये यांच्या कीर्तनाला पेटीची साथ केली. ताईंचं कीर्तन ज्यांनी ऐकलं नाही त्यांना ते सांगून कळायचं नाही. काळ्या किनारीची पांढरी नऊवारी, हातात झांज, आणि मध्यरंगात गळ्यात हार पडला की समोरची म्हातारीकोतारीसुद्धा उठून त्यांच्या पायाला हात लावायची, कारण तो नमस्कार ताईंना नसतो, त्या गादीला असतो. देव भक्ताच्या घरी ओळख लपवून पाणी भरतो ते आख्यान त्यांनी लावलं की रडू येऊ नये म्हणून मी पेटीच्या भात्याकडे बघत बसायचो.

त्या वर्षी ताईंना एकाहत्तरावं लागलं. गुडघे गेले होते, एसटीची पायरी चढवत नव्हती. श्रावणात बेडग, आरग, एरंडोली, म्हैसाळ असा गावोगावचा त्यांचा फेरा असायचा, तो बंद पडू नये म्हणून श्रोत्यांनी मिळून त्यांच्यासाठी जुनी व्हॅन घ्यायचं ठरवलं. शांतीनाथ मगदूम हा आरटीओच्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसणारा एजंट. त्याने बेळगावची एक पांढरी व्हॅन शोधून काढली, स्वस्तात. नंबर अर्थातच कर्नाटकचा. आमच्या भागात कर्नाटक पासिंगच्या गाड्या काही कमी नाहीत, टॅक्स चुकवून लोक वर्षानुवर्षं फिरवतात. पण ताई अडून बसल्या.

"दुसऱ्या राज्याची पाटी लावून, इथला टॅक्स बुडवून मी गावात उतरायचं आणि गादीवर उभं राहून सत्याबद्दल बोलायचं? जमणार नाही मला. एमएच नंबर लागेल त्या दिवशी गाडीत बसेन. तोवर फेरा नाही."

हे ऐकून आमची मान ताठ झाली होती. अशी बाई आपल्या गावात आहे, असं वाटलं होतं. आणि आता तोच कागद गायब.

कचेरीतून मी थेट ताईंकडे गेलो. राममंदिराच्या मागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. वाती वळत बसल्या होत्या.

"ताई, मगदूमने तुम्हाला बेळगावचा दाखला दिला होता का?"

त्यांचे हात थांबले. "सहीला म्हणून काही कागद दिले खरे त्यांनी."

"त्यात गोल शिक्का मारलेला, कानडीत छापलेला होता का?"

"आठवत नाही रे, अनंता."

"नीट आठवा."

"नाही आठवत," त्या म्हणाल्या आणि पुढची वात वळायला घेतली.

मी काय समजायचं ते समजलो. ताई कुणावर आळ घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. 'दिला नाही' असं म्हणण्याऐवजी त्या 'आठवत नाही' म्हणाल्या. मी त्यांच्या परवानगीने देव्हारा पाहिला, गादीखाली पाहिलं, पत्र्याची ट्रंक उपसली, पोथ्यांची बासनं सोडून पुन्हा बांधली. दाखला नव्हता.

घरी शकूने, म्हणजे माझ्या बायकोने, ताट वाढताना विचारलं, "एवढ्याशा कागदाचं कोण काय करणार?"

"त्याच्यावर चेसिस नंबर असतो. एखादी चोरीची गाडी तोच नंबर ठोकून त्या कागदावर पासिंग करतात म्हणे."

"कोण म्हणे?"

"दुकानात बोलत होते."

"पण मगदूम तर दर गुरुवारी कीर्तनाला असतो."

"असतो. पण बसतो कुठे? शेवटी, चपलांपाशी. आणि प्रसाद हातात घेतो, पण तोंडात घालताना पाहिलाय कधी? रुमालात गुंडाळून खिशात."

"अहो, जैन माणूस. दिवस मावळल्यावर खात नाहीत ते."

"माहीत आहे मला," मी म्हणालो. खरंच माहीत होतं. पण त्या दिवसांत तो रुमालसुद्धा मला काहीतरी लपवल्यासारखा वाटायचा. तो प्रसाद पुढच्या गटारात टाकत असेल, असंही वाटून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवायला लागलो. दुकान बंद करून सांगलीला जायचं आणि फाटकासमोरच्या रसवंतीत बसायचं. तिसऱ्या दिवशी कर्नाटकचीच एक गाडी आली. मगदूमने ड्रायव्हरकडून खाकी पाकीट घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि शर्टाच्या आत सारलं. मी रसाचा पेला तसाच ठेवून उठलो, पण तोवर गाडी गेली होती.

"मास्तर, तुम्ही?" त्याने मलाच पाहिलं. "रोज दिसताय रसवंतीत. पित्त झालंय काय?"

"शर्टात काय घातलंत?"

तो बघतच राहिला. मग त्याने पाकीट काढून टेबलावर उपडं केलं. कुठल्याशा ट्रॅक्टरचे विम्याचे कागद होते. "तुमचा कागद गेल्यापासून टेबलावर काही ठेवायला भीती वाटते," तो म्हणाला. "म्हणून पोटाशी ठेवतो."

मी विश्वास ठेवला नाही. एवढं चटकन दाखवतोय म्हणजे दाखवायला हेच ठेवलेलं असणार.

पुढच्या सोमवारी मी पॅसेंजरने बेळगावला गेलो. खांद्याला माझी नेहमीची शबनम. तिच्यात कानस, पेटीच्या सुरांच्या पितळी पट्ट्या, ताईंच्या झांजा आणि त्यांचं बाड असायचं. बाड म्हणजे कीर्तनकाराची हाताने लिहिलेली जाड वही, आख्यानं, पदं, दृष्टान्त सगळं तिच्यात. ते त्यांच्या सासऱ्यांपासून चालत आलेलं होतं. कीर्तनात ते कधी उघडायचं नाही आणि दुसऱ्याने तर कधीच नाही, असा आमच्याकडे दंडक. मी वर्षानुवर्षं ते वाहिलं, पण आतलं अक्षर कसं आहे ते पाहिलं नव्हतं. महिन्यापूर्वी ताईंनी ते एका रात्रीपुरतं मागून घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी नव्या लाल दोऱ्याने बांधून परत दिलं होतं, एवढंच.

बेळगावच्या कारकुनाने मोठं रजिस्टर काढलं. "तुमचा दाखला आम्ही केव्हाच दिलाय. ही बघा घेणाऱ्याची सही."

सही मगदूमची होती. मराठीत, ठसठशीत.

मला वाटलं, सापडला. या माणसाला कागद मिळाला होता, याचा पुरावाच समोर होता.

"दुसरी प्रत मिळेल?" मी विचारलं.

"मिळेल. पोलिसांत हरवल्याची तक्रार द्या, तिची नक्कल आणा. कसा हरवला, कुणाकडून हरवला, सगळं लिहून."

परतीच्या गाडीत, शबनम मांडीवर घेऊन, मी तिच्यावर कागद ठेवून तक्रार लिहिली. 'सदर दाखला एजंट शांतीनाथ मगदूम यांनी ताब्यात घेऊन गहाळ केला अथवा त्याचा गैरवापर केला.' 'गैरवापर' हा शब्द लिहिल्यावर मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

बुधवारी मगदूम स्वतःच ताईंच्या घरी आला. मीही तिथे होतो. दारातच उभा राहून तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही बेळगावला जाऊन आलात म्हणे. आता दुसरी प्रत काढायची असेल तर काढू. तक्रारीत 'हरवला' लिहा. कुठेही सही मागा, करतो. फक्त माझं नाव घालू नका."

"का? खरं आहे ते लिहायला काय झालं?"

"एजंटाने कागद खाल्ला असं एकदा पोलिसांत नोंदलं की फाटकाबाहेर मला कोण उभं करील? बावीस वर्षं तिथं बसतोय मी. दोन पोरी कॉलेजात आहेत."

"दाखला दिलात तर नाव नाही घालत. शुक्रवारी सकाळी तक्रार देणार आहे. तोवर आणा."

"कुठून आणू? हातात दिला तो ताईंच्या." तो आत वळला. "ताई, या इथंच बसला होतात तुम्ही. मी म्हटलं, जपून ठेवा, मुदतीचे दोनेक महिनेच उरलेत. तुम्ही डोळ्यांना लावला कागद. आठवतंय का?"

ताई चौरंगावर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "शुक्रवारी नको, अनंता," त्या म्हणाल्या. "थोडं थांब."

"श्रावण आठवड्यावर आलाय, ताई. फेरा चुकेल. तुम्ही कुणाला दोष देणार नाही, म्हणून मला द्यावा लागतोय."

मगदूम दाराकडे वळला. चपला घालताना म्हणाला, "उद्या गुरुवार आहे. येतोय मी कीर्तनाला. तुम्ही हाकललं तरी येणार."

गुरुवारी तो आला आणि चपलांपाशी बसला. माझ्या सदऱ्याच्या खिशात तक्रारीचा कागद होता. पेटी मांडताना मी दोनदा त्याच्याकडे पाहिलं, दोन्ही वेळा त्यानेच नमस्कार केला. मी तो घेतला नाही.

पूर्वरंग झाला. ताईंच्या गळ्यात हार पडला, कपाळी बुक्का लागला, लोक पाया पडून गेले. मग त्यांनी आख्यान लावलं, पाणी भरणाऱ्या देवाचंच. स्वतः रचलेलं पद त्या म्हणू लागल्या:

"दारी आला कोण पाहुणा, घागर ज्याच्या खांद्यावरी…"

आणि थांबल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोवर कुणाला सांगितली नव्हती, शकूलासुद्धा नाही. गेली दोन वर्षं ताई अशा थांबायच्या. श्रोत्यांना वाटायचं, भावाने कंठ दाटला. मला ठाऊक असायचं की पुढची ओळ गेली. मग मी त्या ओळीचे पहिले चार सूर हळूच वाजवायचो, आणि त्या सुरांना धरून शब्द त्यांच्या तोंडी परत यायचे. आधी महिन्यातून एकदा, मग दर कीर्तनात, मग एकाच कीर्तनात पाच-सहा वेळा. आरगला तर एकच दृष्टान्त त्यांनी दोनदा सांगितला, आणि मी दोन्ही वेळा तितक्याच भक्तीने मान डोलावली. याविषयी आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो. मला वाटायचं, साथ म्हणतात ती हीच.

मी चार सूर दिले. ताई गप्प. पुन्हा दिले. तिसऱ्यांदा जरा जोराने दिले.

ताईंनी तळहात माझ्याकडे केला. "पेटी थांबव, अनंता."

मी भात्यावरचा हात काढला.

"पुढचं मला आठवत नाही," त्या श्रोत्यांना म्हणाल्या. आवाज नेहमीचा होता, आख्यान सांगतानाचा. "आज नाही, दोन वर्षं झाली. अनंता मला सांभाळून नेतो, म्हणून तुम्हाला कळलं नाही. तुम्ही माझ्यासाठी गाडी घेतलीत. गाडी आली म्हणजे अठरा गावं आली. अठरा गावांत अशी उभी राहू, असं वाटून मला झोप येईना. गाडी नको म्हणायचं धाडस झालं नाही. टॅक्स भरल्याशिवाय बसणार नाही म्हणाले, ते मनापासूनच म्हणाले. पण दाखला हातात आला तेव्हा वाटलं, हा नसला तर टॅक्स भरला जाणार नाही, आणि मला कुठे जावं लागणार नाही."

त्या माझ्याकडे वळल्या. "बाड दे."

मी शबनममधून बाड काढून दिलं. त्यांनी सगळ्यांच्या देखत तो लाल दोरा सोडला आणि मधल्या पानांतून चार घड्या घातलेला कागद काढला. वर गोल शिक्का होता.

"ही एकच जागा अशी होती जिथे तू हात लावणार नाहीस," त्या हळू म्हणाल्या, "आणि मला फाडून टाकवणार नाही."

बेळगावच्या रजिस्टरासमोर, रसवंतीत, आरटीओच्या खिडकीपाशी तो कागद माझ्याच खांद्यावर होता. तक्रार मी त्याच्यावरच ठेवून लिहिली होती.

"अनंताला मी म्हणाले, आठवत नाही. बाकी सगळं विसरते मी, तेवढं एक नीट आठवत होतं." त्यांनी गळ्यातला हार काढून पेटीवर ठेवला. "खाली बसून खोटं बोलले. हा घालून बोलवत नाही."

आणि त्या श्रोत्यांतून चालू लागल्या. गुडघे साथ देत नव्हते, लोक वाट करून देत होते. मी उठून त्यांना धरायला हवं होतं, पण माझ्याने उठवेना. चपलांच्या रांगेपाशी मगदूम धडपडून उभा राहिला. ताईंनी कागद त्याच्या हातात ठेवला आणि त्याच्यापुढे हात जोडले.

"अहो, अहो," तो एवढंच म्हणाला. मग काय करावं ते न सुचून त्याने कागद उघडला आणि उजेडाकडे धरला. "तारीख आहे अजून. सतरा दिवस. सोमवारी सही लागेल तुमची, ताई. गाडीही दाखवायला आणावी लागेल."

मागून कुणीतरी हसलं, आणि मग बरेच जण हसले, डोळे पुसत. ताई परत गादीपाशी आल्या. "आरती तरी पुरी करू," त्या म्हणाल्या. कीर्तन आरतीशिवाय सोडायचं नसतं. आरतीचे सूर मी दिले, पण कुठल्या पट्टीत दिले ते सांगता येणार नाही.

प्रसाद वाटताना मी मगदूमपाशी गेलो. तो रुमालाची गाठ मारत होता.

"याचं काय करता?" मी विचारलं.

"उजाडल्यावर खातो. अर्धा बायकोला देतो. का?"

"काही नाही," मी म्हणालो. "मगदूम, तुम्हाला मी…"

"सोमवारी दहाला या, मास्तर. उशीर केला तर साहेब जेवायला जातात."

सोमवारी आम्ही तिघं व्हॅन घेऊन गेलो. साहेबांनी गाडीभोवती चक्कर मारली आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घासलेला ठसा मागितला. मगदूम गाडीखाली वाकला, पेन्सिल कानामागून काढली आणि हात मागे केला. "मास्तर, कोरा कागद आहे काय?"

मी खिशात हात घातला आणि जे हाताला लागलं ते दिलं. दिल्यावर लक्षात आलं. तोच सदरा होता. मगदूमने घडी उघडली, आपलं नाव वाचलं, 'गैरवापर'पर्यंत वाचलं. मग खालचा कोरा अर्धा भाग नीट दुमडून फाडला, वरचा अर्धा मला परत दिला आणि नंबरावर कागद दाबून पेन्सिल घासायला लागला.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," तो गाडीखालून म्हणाला.

टॅक्स भरला गेला. पावती हातात आल्यावर ताईंनी ती डोळ्यांना लावली आणि थबकल्या.

"मी कुठे ठेवू ही?"

"मगदूमांकडे द्या," मी म्हणालो.

दुपारी परत निघालो. अठरा गावांना मी आदल्या दिवशीच निरोप धाडले होते की यंदा कीर्तन नाही. ताईंनी मात्र दुसरा निरोपही धाडायला लावला होता: ज्या गावी दुसऱ्या कुणाचं कीर्तन असेल तिथे मी ऐकायला येईन, पुढची जागा ठेवा. त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या, मगदूम मागे. विश्रामबाग ओलांडल्यावर वारा लागला. ताईंनी डोळे मिटले आणि मांडीवर बोटांनी ताल धरला.

"दारी आला कोण पाहुणा, घागर ज्याच्या खांद्यावरी…"

त्या थांबल्या. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि पेटी घरी होती. चार सूर गळ्याने द्यावेत म्हणून मी तोंड उघडलं, पण मला सवय होती ती फक्त बोटांनी आठवण्याची.

"ओळख देईना," मागून मगदूम म्हणाला. त्याला सूर नव्हता, नुसते शब्द होते. "नाव सांगेना, पाणी भरी दिसभरी."

ताईंनी डोळे उघडून मागे पाहिलं.

"बावीस वर्षं मागे बसतोय, ताई," तो म्हणाला. "पुढचं म्हणा."